वाक्यातला कर्ता कोण? युद्धोत्तर संग्रहालये, स्मृती आणि सलोखा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर संग्रहालयातील मांडणी आणि फलकांवरील मजकूर यांच्याकडे एक संहिता म्हणून पाहणे, त्या संहितेतील निवेदक ओळखणे, आणि युद्धानंतरच्या समाजात स्मृती व सामूहिक ओळख यांचा परस्परसंबंध कसा घडतो हे स्वतःच्या शब्दांत मांडणे तुम्हाला जमावे, अशी अपेक्षा आहे.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, कथा-कादंबरी वाचताना निवेदक कोण आहे, तो कोठे उभा राहून बोलतो आहे, काय सांगतो आणि काय सांगायचे टाळतो, हे प्रश्न आपण मागील घटकांत विचारले. हेच प्रश्न संग्रहालयालाही विचारता येतात. संग्रहालयात शब्द थोडे असतात. काचेच्या कपाटात एखादी वस्तू असते आणि तिच्याशेजारी दोन-चार ओळींचा फलक. पाहणारा बहुधा वस्तूकडे पाहतो आणि फलक ओझरता वाचतो. मात्र वस्तू स्वतः काहीच बोलत नाही. जळालेले पुस्तक हे केवळ जळालेले पुस्तक असते. ते कोणी जाळले, केव्हा, कशासाठी, आणि आज ते कोणी कोणाला दाखवायचे, हे त्या दोन-चार ओळीच ठरवतात.

या ओळी वाचण्याची एक युक्ती आपल्याच व्याकरणात आहे. मराठीत ‘जळणे’ आणि ‘जाळणे’, ‘मरणे’ आणि ‘मारणे’, ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. ‘ग्रंथालय जळले’ या वाक्यात आग आहे, आग लावणारा नाही. ‘ग्रंथालय जाळले’ म्हटले की लगेच प्रश्न येतो : कोणी? आणि ‘ग्रंथालय जाळले गेले’ असे म्हणून तो प्रश्न अर्ध्यावर सोडताही येतो. युद्धाची आठवण सांगणाऱ्या प्रत्येक संस्थेला या तीन रचनांतून निवड करावी लागते. ही निवड वरवर भाषेची दिसते. तिच्यामागे मात्र कोणी कोणाबरोबर राहायचे हा प्रश्न असतो.

येथे एका शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. युद्ध संपते तेव्हा तह होतो. तह राज्यकर्ते करतात, त्याला कलमे असतात, त्यावर सह्या होतात. समेट दोन पक्षांत घडवून आणला जातो आणि त्यात बहुधा मध्यस्थ असतो. सलोखा ही तिसरीच गोष्ट आहे. तो शेजाऱ्याशेजाऱ्यांत असतो किंवा नसतो, त्यावर सही करता येत नाही. संग्रहालयाकडून आपण अपेक्षा करतो ती या तिसऱ्या गोष्टीची. ती अपेक्षा कितपत रास्त आहे, हे आता दोन शहरांच्या आधारे पाहू.

हिरोशिमा : कर्ता नसलेले वाक्य

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता अमेरिकेने हिरोशिमावर अणुबाँब टाकला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मरण पावली. शहराच्या मध्यभागी आज शांतता स्मारक उद्यान आहे. त्याचा आराखडा केन्झो तांगे या वास्तुशिल्पज्ञाने केला आणि तेथील संग्रहालय १९५५ मध्ये खुले झाले. त्याआधी, १९५२ मध्ये, मृतांसाठी एक कमानवजा स्मृतिशिळा उभारण्यात आली होती. तिच्यावर एकच वाक्य कोरलेले आहे. हिरोशिमा विद्यापीठातील प्राध्यापक तादायोशी सायका यांनी ते लिहिले. सायका स्वतः बाँबच्या हल्ल्यातून वाचलेले होते. मृतांनी शांतपणे विसावा घ्यावा, कारण ती चूक पुन्हा केली जाणार नाही, असा त्या वाक्याचा आशय आहे.

जपानी भाषेत कर्ता उघडपणे न सांगता वाक्य पूर्ण होऊ शकते. मराठीतही क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळत असेल तर आपण तो गाळतो. या वाक्यात मात्र तो कळत नाही. चूक कोणाची? युद्ध सुरू करणाऱ्या जपानची, बाँब टाकणाऱ्या अमेरिकेची, की युद्ध करणाऱ्या सगळ्या माणसांची? शिळेचे अनावरण झाले त्याच वर्षी हा वाद पेटला आणि त्यात एक भारतीय नाव ठळकपणे आले. टोकियो येथील युद्धगुन्हे न्यायाधिकरणातील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल नोव्हेंबर १९५२ मध्ये हिरोशिमाला गेले होते. न्यायाधिकरणात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे स्वतंत्र मत त्यांनी दिले होते. शिळेवरील वाक्याचा अर्थ समजल्यावर त्यांनी आक्षेप घेतला. बाँब जपान्यांनी टाकलेला नसताना त्यांनी चुकीची कबुली का द्यावी, असा त्यांचा सूर होता. सायका यांना हा आक्षेप मान्य नव्हता. वाक्याचा कर्ता अवघी मानवजात आहे, ही त्यांची भूमिका होती, आणि पुढे हिरोशिमा शहरानेही हाच अर्थ अधिकृतपणे स्वीकारला.

पाल यांचा प्रश्न व्याकरणदृष्ट्या अगदी योग्य होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्या शहराने हे वाक्य कोरले, त्याने कर्त्याची जागा रिकामी ठेवून एक वाट मोकळी ठेवली असे म्हणता येते. शिळेसमोर अमेरिकन माणूस उभा राहू शकतो आणि जपानीही. दोघांनाही ते वचन स्वतःचे म्हणून उच्चारता येते. पाल यांच्या नावाचे पुढे काय झाले, हे या संदर्भात बोलके आहे. टोकियोतील यासुकुनी मंदिरात, जेथे शिक्षा झालेल्या युद्धगुन्हेगारांचीही नावे पूजनीय मृतांत समाविष्ट आहेत, तेथे २००५ मध्ये पाल यांचे स्मारक उभे राहिले. त्यांच्या आक्षेपाचे कायदेशीर बारकावे मागे पडले आणि एका राष्ट्रीय ओळखीला हवा तेवढाच भाग उरला.

रिकाम्या जागेचा धोकाही आहेच. कर्ता नाही म्हटले की आपण फक्त कर्म उरतो, फक्त सोसणारे. हिरोशिमा हे लष्करी शहर होते, तेथील उजिना बंदरातून सैन्य चीनकडे व इतरत्र रवाना होत असे. ही बाजू संग्रहालयात विस्ताराने मांडली गेली ती १९९४ मध्ये, पूर्वेकडील इमारत नव्याने खुली झाल्यावर. मृतांत हजारो कोरियन लोक होते. कोरिया १९१० पासून जपानच्या अमलाखाली होता आणि त्यांतील अनेकांना मजुरीसाठी आणले गेले होते. त्यांचे स्मारक १९७० मध्ये उभारले गेले, पण उद्यानाच्या हद्दीबाहेर. ते आत यायला १९९९ साल उजाडले. मानवजात हा कर्ता मानणाऱ्या वाक्याला शेजारच्या देशातील मृतांना सामावून घेण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले.

सारायेव्हो : समूह हाच कर्ता

आता नेमके उलटे उदाहरण पाहू. बोस्निया-हर्झगोविना हा देश १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातून वेगळा झाला आणि लगेच युद्ध भडकले. बोस्नियाक (बहुतांश मुस्लीम), सर्ब (ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती) आणि क्रोएट (कॅथलिक) हे तिथले तीन मुख्य समाज. तिघांच्या बोली परस्परांना सहज कळतात. या युद्धात सुमारे एक लाख माणसे मेली. राजधानी सारायेव्होला बोस्नियन सर्ब सैन्याने एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ असे १,४२५ दिवस वेढा घातला. युद्धारंभाला वीस वर्षे झाली तेव्हा शहराच्या मुख्य रस्त्यावर मृतांसाठी ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतील लहान खुर्च्या मुलांच्या होत्या.

२५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री व्हियेच्नित्सा ही इमारत तोफगोळ्यांच्या आगीत जळाली. मूळचे नगरभवन असलेल्या या वास्तूत तेव्हा राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालय होते. ग्रंथसंग्रहाचा फार मोठा भाग राख झाला. इमारत पुन्हा उभी राहून मे २०१४ मध्ये खुली झाली. तिच्या प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर ही जाळपोळ कोणी केली ते स्पष्ट लिहिले आहे : ‘सर्ब गुन्हेगारांनी’. शेवटी विसरू नका असे बजावले आहे.

हा फलक खोटा नाही. गोळे बोस्नियन सर्ब सैन्याच्या ठाण्यांवरून आले. ‘ग्रंथालय जळले’ असे लिहिणे येथे लबाडीचे झाले असते. पण ‘सर्ब’ हे विशेषण त्या वाक्यात काय काम करते, हे पाहण्यासारखे आहे. ते विशेषण गुन्हेगारांपुरते राहत नाही, ते वाचणाऱ्याच्या मनात एका समाजभर पसरते. वेढ्यात अडकलेल्या, त्याच गोळ्यांखाली जगणाऱ्या नागरिकांत सर्बही होते. शहराच्या बचावातील एक प्रमुख सेनाधिकारी योव्हान दिव्याक सर्ब वंशाचे होते. त्यांनी हा फलक कसा वाचायचा? आणि युद्धानंतर जन्मलेल्या एखाद्या सर्ब मुलाने, शाळेच्या सहलीत, त्या दारातून आत कसे जायचे?

न्यायालयाने वेगळी रीत अवलंबली. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने रादोव्हान कारादझिच, राट्को म्लादिच अशा व्यक्तींना नावानिशी दोषी ठरवले. न्यायालयाच्या वाक्यात कर्ता विशेषनाम असतो. विशेषनामामुळे समाज मोकळा होतो आणि गुन्हा मात्र तेथेच राहतो. संग्रहालये ही शिस्त न्यायालयाकडून शिकू शकतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

बंद दार

या शहरात संग्रहालयाला स्वतःला जगणेही कठीण झाले होते. बोस्निया-हर्झगोविनाचे राष्ट्रीय संग्रहालय १८८८ मध्ये स्थापन झाले. वेढ्याच्या काळात त्याची इमारत थेट आघाडीच्या रेषेवर होती. संचालक रिझो सियारिच १९९३ मध्ये तोफगोळ्याने मारले गेले. फुटलेल्या खिडक्या झाकण्यासाठी प्लॅस्टिकची कापडे मिळवण्याच्या खटपटीत ते होते. संग्रहालयाचा सर्वांत प्रसिद्ध ठेवा म्हणजे ‘सारायेव्हो हग्गादा’, ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या वेळी वाचायची, चौदाव्या शतकातील स्पेनमध्ये तयार झालेली सचित्र हस्तलिखित पोथी. दुसऱ्या महायुद्धात नाझी ती घेऊन जातील म्हणून संग्रहालयाचे मुस्लीम ग्रंथपाल दर्विश कोर्कुत यांनी ती लपवली. १९९२ मध्ये ती पुन्हा संग्रहालयातून हलवून बँकेच्या तळघरात ठेवावी लागली. तीन समाजांच्या भांडणात चौथ्याच समाजाची पोथी जपली गेली, आणि बहुधा म्हणूनच सगळ्यांना ती आपली म्हणता येते.

दोन युद्धांतून तगलेले हे संग्रहालय शांततेच्या काळात बंद पडले. १९९५ च्या डेटन कराराने देशाचे दोन घटकप्रदेश केले, आणि संस्कृती हा विषय त्या प्रदेशांकडे गेला. केंद्रात संस्कृती मंत्रालयच नाही. मग देशाच्या नावाने असलेल्या संग्रहालयाचा खर्च कोणी करायचा? देश म्हणून आमची एक समाईक सांस्कृतिक ओळख आहे, हेच ज्या राजकारण्यांना मान्य नव्हते, त्यांच्या दृष्टीने तो प्रश्नच उद्भवत नव्हता. ऑक्टोबर २०१२ मध्ये दारावर फळ्या ठोकल्या गेल्या. कर्मचारी पगाराविना कामावर येत राहिले, कारण संग्रहातील वस्तूंना सुटी नसते.

२०१५ च्या उन्हाळ्यात एक नागरी मोहीम सुरू झाली. सामान्य नागरिक, कलावंत, विद्यार्थी आळीपाळीने संग्रहालयात राखण करायला येऊन बसू लागले. मोहिमेचे नाव होते ‘मी संग्रहालय आहे’. सप्टेंबर २०१५ मध्ये दार उघडले. मोहिमेचे नाव पुन्हा एकदा वाचा. ज्या देशात ‘आम्ही’ म्हणताच ‘म्हणजे कोण?’ असा प्रश्न उठत होता, तेथे लोकांनी प्रथमपुरुषी एकवचन निवडले.

‘मी’ बोलू लागतो तेव्हा

हेच एकवचन सारायेव्होतील एका नव्या, लहानशा संग्रहालयाच्या मुळाशी आहे. यास्मिन्को हालिलोविच यांचा जन्म १९८८ चा, म्हणजे त्यांचे बालपण वेढ्यात गेले. २०१० मध्ये त्यांनी आपल्या पिढीला एक प्रश्न विचारला : युद्धातले बालपण तुमच्यासाठी काय होते? उत्तर मोबाइलवरच्या एका लघुसंदेशाएवढे, १६० अक्षरांत मावणारे हवे, अशी अट होती. हजाराहून अधिक उत्तरे आली. त्यांचे पुस्तक झाले, आणि उत्तरे देणाऱ्यांनी जपून ठेवलेल्या वस्तू पुढे येऊ लागल्या तसे जानेवारी २०१७ मध्ये ‘युद्धातील बालपण संग्रहालय’ उघडले. पुढच्याच वर्षी त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला.

तेथे तोफा नाहीत, नकाशेही नाहीत. बॅले नृत्याचे बूट आहेत, खेळणी आहेत, रोजनिशी आहेत, मदत म्हणून आलेल्या अन्नाची वेष्टने आहेत. प्रत्येक वस्तूशेजारी ती ज्याची होती त्याच्याच शब्दांतला छोटा मजकूर असतो. त्यात निवेदक ‘मी’ आहे आणि तो मूल होता. कोणत्याही बाजूच्या मुलाला येथे जागा आहे, आणि आता इतर देशांतील युद्धांत वाढलेल्या मुलांच्या वस्तूही या संग्रहात आल्या आहेत.

मराठी वाचकाला येथे पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवेल. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ ते उभारले आणि त्यात दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे अशा घरगुती वस्तू जमवल्या. एका घरातले दुःख तेथे सगळ्या समाजाच्या संसारात विरघळून गेले आहे. अडकित्ता कोणाचा होता हे आपण विचारत नाही, त्याची घडण पाहतो. सारायेव्होत याच्या उलट घडते. बुटांची घडण कोणी पाहत नाही. ते घालणारी मुलगी वेढ्यातही नाचत होती, एवढेच ते सांगतात, आणि पाहणाऱ्याला त्या मुलीच्या जागी क्षणभर उभे राहावे लागते.

या पद्धतीवर एक आक्षेप घेता येतो आणि तो गंभीर आहे. मूल निरागस असते, त्यामुळे मुलाच्या निवेदनात अपराधी दिसतच नाही. गोळा ‘पडतो’, वीज ‘जाते’, वडील ‘परत येत नाहीत’. सगळी क्रियापदे जळण्याची, जाळण्याची एकही नाही. अशा निवेदनाने सगळ्यांचे दुःख सारखे असे वाटू लागले, तर ज्याने वेढा घातला त्याची सोयच होते. या आक्षेपाचे उत्तर त्या संग्रहालयाच्या भिंतींच्या आत मिळणार नाही. ते देशाच्या पूर्वेकडील एका गावात मिळते.

पोतोचारी : जेथे कर्ता गाळता येत नाही

जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे बोस्नियन सर्ब सैन्याने ८,००० हून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे ठार केले. संयुक्त राष्ट्रांनी हे गाव ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले होते आणि डच सैनिकांची तुकडी जवळच्या पोतोचारी येथील बॅटरीच्या जुन्या कारखान्यात तळ देऊन होती. तेथेच आज स्मारक, दफनभूमी आणि प्रदर्शन आहे. मृतदेह अनेकदा एका सामूहिक थडग्यातून उकरून दुसरीकडे नेऊन पुरले गेले होते, त्यामुळे एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या ठिकाणी सापडली. डीएनए तपासणीने ओळख पटते तसतसे दरवर्षी ११ जुलैला दफन होते. सांगाड्यांबरोबर मिळालेल्या वैयक्तिक वस्तू प्रदर्शनात आहेत, आणि दगडावर नावे कोरलेली आहेत.

हा वंशसंहार होता असे हेगच्या न्यायाधिकरणाने ठरवले. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तेच म्हटले आणि एक महत्त्वाचा भेद केला : सर्बिया या राज्याने तो घडवला असे सिद्ध झाले नाही, पण तो रोखण्याचे आणि दोषींना शिक्षा करण्याचे कर्तव्य त्याने पाळले नाही. कर्ता किती बारकाईने नेमता येतो, याचे हे उदाहरण आहे. तरीही स्मारक ज्या घटकप्रदेशात उभे आहे त्या सर्ब प्रजासत्ताकाचे नेते हा वंशसंहार नाकारत आले आहेत. २०२१ मध्ये देशातील आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीला असा नकार गुन्हा ठरवणारा कायदा स्वतःच्या अधिकारात लागू करावा लागला.

पोतोचारीला कोणी ‘सगळ्यांचे दुःख सारखे’ असे लिहिले तर ते सलोख्याचे वाक्य ठरणार नाही. म्हणून बालपणाचे संग्रहालय आणि ही दफनभूमी एकमेकांच्या साक्षीने वाचावी लागतात. एकात शेजाऱ्याचे मूल आपल्या मुलासारखे दिसते. दुसऱ्यात कोणी काय केले, हे नावानिशी नोंदलेले राहते. पहिले नसेल तर दुसरे सूडाची यादी होऊ शकते. दुसरे नसेल तर पहिले भाबडे ठरते.

फ्रान्समधील पेरॉन येथील महायुद्ध संग्रहालयाचा उल्लेख येथे थोडक्यात करणे पुरे. १९९२ मध्ये, सॉमच्या रणभूमीजवळ, ते उघडले. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच, जर्मन आणि ब्रिटिश सैनिकांचे गणवेश तेथे जमिनीतल्या उथळ खड्ड्यांत, आडवे, मांडले आहेत. कोणीही दुसऱ्यापेक्षा उंच नाही. ही मांडणी सुंदर आहे, पण ती युद्धानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी झाली, आणि तोवर फ्रान्स व जर्मनी मित्र झालेले होते. पेरॉनने सलोखा घडवला नाही, झालेल्या सलोख्याला जागा दिली. बोस्नियात ज्यांना हे काम करायचे आहे, त्यांच्या हातात ती सोय नाही.

स्वाध्याय

१. ‘इमारत जळली’, ‘इमारत जाळली गेली’, ‘सैनिकांनी इमारत जाळली’ आणि ‘अमुक सेनापतीच्या हुकमाने इमारत जाळली’ या चार वाक्यांपैकी प्रत्येक वाक्य कोणत्या प्रकारच्या संग्रहालयात, कोणासाठी लिहिले जाईल? प्रत्येकी चार-पाच वाक्यांत लिहा.

२. हिरोशिमाच्या शिळेवरील वाक्याविषयी राधाबिनोद पाल आणि तादायोशी सायका यांच्या भूमिका मांडा. तुम्हाला कोणती अधिक पटते, ते कारणांसह सांगा.

३. तुमच्या जिल्ह्यातील एखादे संग्रहालय, किल्ल्यावरील माहितीफलक किंवा हुतात्मा स्मारक पाहून या. तेथील एक फलक शब्दशः उतरवून घ्या आणि त्यातील क्रियापदे अधोरेखित करा. कोणत्या क्रियेला कर्ता आहे आणि कोणत्या क्रियेचा कर्ता गाळला आहे? गाळलेला कर्ता जोडून तोच फलक पुन्हा लिहा, आणि तुमचा मजकूर त्या ठिकाणी लावला तर तेथे येणाऱ्यांपैकी कोणाला तो वाचणे अवघड जाईल, याचा विचार करा.